शेतातील चांगले झाड आणि चांगले बियाणे
कापसाच्या निवडीत अनुवंशिक फरकाचे मोजमाप

कापसाची पहिली वेचणी सुरू झाली म्हणजे शेतकऱ्याची दृष्टी आपोआप चांगल्या झाडांकडे वळते. विदर्भात याच सुमारास शेताशेतांतून सीतादही होते आणि घरातील सर्व माणसे ओळींमधून फिरतात. अशा वेळी एखादे झाड हटकून नजरेत भरते. शेजारच्या झाडांवर वीस-पंचवीस बोंडे असतात, तर यावर साठ-सत्तर. फांद्या भाराने वाकलेल्या, बोंडेही टपोरी. घरातील वडीलधारे माणूस त्याचा कापूस वेगळा वेचण्यास सांगते. त्याची सरकी हाताने काढून, राखेत घोळून, फडक्यात बांधून ठेवली जाते. पुढील मृगात ती मोठ्या आशेने वेगळ्या ओळीत पेरली जाते, आणि दिवाळीस असे आढळून येते की, त्या ओळीतील झाडे इतर झाडांसारखीच आहेत. काही तर उणीच.

असा अनुभव आलेले शेतकरी गावोगाव भेटतात. त्यांपैकी पुष्कळांचा समज असा होतो की, बियाणे घरी निवडण्यात काही अर्थ नाही. काहींना वाटते की, सरकी साठवणीत बिघडली. वस्तुतः झाड निवडतानाच हिशेबाची एक बाजू सुटलेली असते. ते झाड इतके का वाढले, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

त्या जागी दोन वर्षांपूर्वी शेणखताचा ढीग पडला असेल. त्याच्या दोन्ही बाजूंस नांगे पडल्यामुळे त्यास तिघांचे ऊन, पाणी व अन्न एकट्यास मिळाले असेल. ते बांधालगत असेल, किंवा उताराचे पाणी तेथे थोडे अधिक मुरले असेल. काळ्या जमिनीचे एक शेत वरून सारखे दिसले तरी त्यात कोठे मुरूम वर आलेला असतो, कोठे चोपण असते, कोठे चिभड. झाडाच्या अंगी दिसणारा मोठेपणा हा बियाण्याचा वाटा, जमिनीचा वाटा आणि निव्वळ योगायोगाचा वाटा यांची बेरीज होय. यांपैकी सरकीवाटे पुढच्या पिढीत जातो तो केवळ पहिला वाटा. बाकीचे दोन त्या जागेवरच राहतात.

हे तीन वाटे डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. ते वेगळे कसे काढावे हाच वनस्पतिसंवर्धनातील मूळ प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मिळण्यास बराच काळ लागला.

घेवड्याच्या दाण्यांनी शिकविलेली गोष्ट

डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ साली घेवड्याच्या एका जातीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. बाजारातून आणलेल्या दाण्यांपासून त्यांनी १९ निरनिराळे वंश तयार केले. प्रत्येक वंश एकाच दाण्यापासून निघालेला व स्वपरागणाने वाढलेला होता. या वंशांच्या दाण्यांच्या वजनात पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा फरक दिसला. मात्र एकाच वंशातील जड दाणे वेगळे व हलके दाणे वेगळे पेरले, तर दोहोंच्या संततीचे सरासरी वजन सारखेच भरले. वंशाच्या आत दिसणारा फरक शेंगेतील जागेमुळे व झाडाच्या पोषणामुळे आलेला होता. त्यात निवड करणे म्हणजे पाण्यावर रेघ ओढण्यासारखे होते.

कापसाच्या शेतकऱ्यास या प्रयोगातून दोन गोष्टी घेता येतात. बियाण्यात वंशभेद असेल तर निवडीने सुधारणा होते. वंशभेदच नसेल तर कितीही चांगली झाडे निवडली तरी हाती काही लागत नाही. म्हणून निवडीस आरंभ करण्यापूर्वी, समोर दिसणाऱ्या फरकांपैकी वंशगत फरक किती आहे, याचा अंदाज घ्यावा लागतो.

कापसात एक अडचण अधिक आहे. घेवडा बहुतांशी स्वपरागणाचा. कापसाचे फूल स्वतःच्या परागाने फळते खरे, परंतु मधमाश्यांची वर्दळ असेल तेथे शेजारच्या झाडाचा परागही त्यावर पडतो. झाडाची आई ठाऊक असते, बाप कोणता हे सांगता येत नाही. यासाठी संवर्धक निवडलेल्या झाडांच्या कळ्या आदल्या सायंकाळी बंद करतात. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी सायंकाळी छदांच्या बाहेर मेणबत्तीच्या टोकासारखी आलेली असते. तिच्या शेंड्यास दोरा बांधला किंवा घट्ट चिखल लावला की फूल उमलत नाही व परका पराग आत जात नाही. देठास रंगीत दोरा बांधून ठेवला म्हणजे ते बोंड पुढे ओळखता येते.

इंदूरचे कार्य

इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी १९२१ साली स्थापन झाली व तिच्या साहाय्याने १९२४ साली इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. माळव्याच्या काळ्या जमिनीत या संस्थेने कापसावर जे कार्य केले, त्याचा लाभ पुढे देशभरच्या संशोधन केंद्रांस मिळाला. १९३३ ते १९३७ या काळात तेथे जोसेफ हचिन्सन हे अनुवंशशास्त्रज्ञ होते. त्यांच्यासमवेत डॉ. वि. गो. पानसे हे सांख्यिकीचे काम पाहत.

त्यापूर्वीची रूढ पद्धत अशी होती की, शेतातून चांगली झाडे निवडावयाची, प्रत्येकाची सरकी पुढील वर्षी एका ओळीत पेरावयाची, आणि ओळी पाहून चांगल्या राखावयाच्या. या पद्धतीत झाडाबाबत जी चूक होत असे तीच ओळीबाबत होई. जी ओळ सुपीक पट्ट्यात पडली ती सरस ठरे. संवर्धकाची चार-सहा वर्षे अशा वंशांमागे जात आणि शेवटी मोठ्या चाचणीत ते वंश जुन्या वाणाच्या पुढे जात नसत. एका वाणामागे आठ-दहा वर्षांचे श्रम असतात, हे ध्यानी घेता ही चूक फार महाग पडणारी होती.

हचिन्सन व पानसे यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वंशओळींच्या चाचण्या अगदी पहिल्या पायरीपासूनच कशा आखाव्यात हे दाखविले. एकाच झाडाची संतती एका लांब ओळीत न पेरता लहान लहान ओळींत, शेताच्या निरनिराळ्या भागांत, चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या जागी पेरावयाची. प्रत्येक भागात प्रत्येक संततीची एक ओळ. यालाच पुनरावृत्ती म्हणतात. सांगण्यास ही गोष्ट साधी वाटते, परंतु तिच्यामुळे जमिनीचा वाटा प्रथमच आकड्यांत धरता आला. एकाच संततीच्या चार ओळी चार जागी निरनिराळे उत्पन्न देतात. तो फरक बियाण्याचा असूच शकत नाही, कारण बियाणे एकाच झाडाचे आहे. तो जमिनीचा व योगायोगाचा. हे माप एकदा हाती आले की उरलेला फरक वंशाच्या नावे मांडता येतो.

फरकाची अशी वाटणी करण्याची गणिती रीत इंग्लंडमधील रोनाल्ड फिशर यांच्या कार्यातून आली. अनुवंशिकतेचा या दृष्टीने विचार करणारा त्यांचा प्रसिद्ध लेख १९१८ चा. डॉ. पानसे यांनी १९४० साली कापसाच्या परिमाणात्मक गुणांची अनुवंशिकता व वनस्पतिसंवर्धन यांचा संबंध स्पष्ट केला. पुढे १९५४ साली त्यांनी डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्यासह कृषिकार्यकर्त्यांसाठी लिहिलेला सांख्यिकीय पद्धतींवरील ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. कृषिमहाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पानसे-सुखात्मे या जोडनावानेच तो ओळखतात.

हिशेब कसा मांडतात

फरक मोजण्यासाठी जे माप वापरतात त्यास प्रचरण म्हणतात. प्रत्येक आकडा सरासरीहून किती कमी-अधिक आहे ते काढावयाचे, त्या अंतराचा वर्ग करावयाचा, सर्व वर्गांची बेरीज करून तिला एकूण संख्येहून एकाने कमी अशा संख्येने भागावयाचे. आकडे सरासरीच्या जवळ असतील तर प्रचरण लहान, विखुरलेले असतील तर मोठे. प्रमाण विचलनाऐवजी प्रचरण वापरण्याचे कारण एवढेच की, स्वतंत्र कारणांमुळे येणाऱ्या प्रचरणांची बेरीज-वजाबाकी सरळ करता येते.

पुढील आकडे प्रत्यक्ष चाचणीचे नसून केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. शंभर झाडांची संतती प्रत्येकी चार ओळींत पेरली. झाडामागे कापसाचे सरासरी उत्पन्न ५० ग्रॅम आले. एकाच संततीच्या ओळींमधील फरकावरून, चार भागांच्या सुपीकतेतील फरक वगळून, एका ओळीचे जमिनीमुळे येणारे प्रचरण ६० निघाले. संततीची सरासरी चार ओळींची असल्याने त्या सरासरीत जमिनीचा वाटा ६० चा चौथा हिस्सा, म्हणजे १५ उरतो. शंभर संततींच्या सरासरींमधील प्रचरण ४५ आहे. त्यातून १५ वजा जाता ३० राहिले. हे वंशगत प्रचरण होय. ४५ पैकी ३०, म्हणजे दोन-तृतीयांश फरक बियाण्याचा. या प्रमाणास अनुवंशक्षमता म्हणतात.

चाचणी एकाच ओळीची असती तर वंशाचे ३० व जमिनीचे ६० मिळून प्रचरण ९० झाले असते आणि अनुवंशक्षमता एक-तृतीयांशावर आली असती. बियाणे तेच, शेत तेच. केवळ चाचणी अपुरी.

आता निवडीचे फळ पाहू. शंभरांतून उत्तम अशा पाच संतती राखल्या, तर चार ओळींच्या चाचणीत त्या एकंदर सरासरीहून सुमारे १४ ग्रॅमने सरस दिसतील. त्यातील दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम पुढील पिढीत टिकेल. एका ओळीच्या चाचणीत निवडलेल्या पाच संतती सुमारे साडेएकोणीस ग्रॅमने सरस दिसतील, आणि टिकेल केवळ एक-तृतीयांश, सुमारे साडेसहा ग्रॅम. म्हणजे अपुऱ्या चाचणीत निवड अधिक डोळ्यांत भरते व प्रत्यक्षात कमी देते. प्रारंभी सांगितलेल्या झाडाची गोष्ट याहून वेगळी नाही. एकाच झाडाच्या दर्शनावर केलेल्या निवडीत तर एका ओळीइतकाही आधार नसतो.

धाग्याच्या लांबीचा हिशेब निराळा येतो. समजा, संततींच्या सरासरींचे प्रचरण १.१ व एका ओळीचे जमिनीमुळे येणारे ०.४ आहे. चौथा हिस्सा ०.१ वजा जाता १.० उरते, अनुवंशक्षमता शेकडा ९० हून अधिक. आकडे कल्पित असले तरी त्यांचा रोख अनुभवास धरून आहे. धाग्याची लांबी व रुईचा उतारा या गुणांवर जमिनीचा परिणाम तुलनेने कमी होतो. बोंडांची संख्या व एकूण उत्पन्न यांवर तो फार होतो. शेतकरी झाड निवडतो ते नेमके बोंडांच्या संख्येवरून. जो गुण सर्वांत आधी दिसतो तोच सर्वांत अधिक फसवा असावा, हा कापसाचा स्वभावच म्हणावा लागेल.

कधी कधी वजाबाकीचे उत्तर शून्याखाली येते. तेव्हा गोंधळून जाण्याचे कारण नाही. त्या साहित्यात त्या गुणापुरता निवडण्याजोगा वंशभेद दिसून आला नाही, असा त्याचा अर्थ घ्यावा व तेथे श्रम वाया घालवू नयेत.

हिशेबाच्या मर्यादा

अनुवंशक्षमतेचा आकडा वाणाच्या अंगी कायमचा चिकटलेला नसतो. तो त्या साहित्याचा, त्या शेताचा व त्या हंगामाचा असतो. एकाच ठिकाणी, एकाच वर्षी घेतलेल्या चाचणीत वंशगत म्हणून जो वाटा निघतो, त्यात त्या हंगामाशी त्या वंशाचे जुळलेले सूतही मिसळलेले असते. पावसाने दडी मारलेल्या वर्षी सरस ठरलेली संतती भरपूर पावसाच्या वर्षी मागे पडू शकते. म्हणून निरनिराळ्या केंद्रांवर व किमान दोन-तीन हंगाम चाचणी घेतल्याखेरीज वाणाची शिफारस होत नाही. शेतकऱ्यास हा विलंब अकारण वाटतो; त्यामागील कारण हे आहे.

मर रोगाचे उदाहरण याहून बोलके आहे. देशी कापसाची झाडे या रोगाने उभ्या उभ्या सुकतात. परंतु ज्या जमिनीत रोगाचे बीज नाही तेथे रोगास बळी पडणारी व टिकून राहणारी झाडे सारखीच हिरवी दिसतात. वंशभेद असूनही मोजमापात तो शून्य येतो. यामुळे प्रतिकारक्षमतेची निवड रोगग्रस्त वाफ्यातच करावी लागते. चांगल्या, निरोगी शेतात ती कधीच साधणार नाही.

आणखी एक गोष्ट. गुण एकेकटे चालत नाहीत. आखूड धाग्याच्या जातींत रुईचा उतारा अधिक असतो, हे खानदेश-वऱ्हाडातील जुन्या व्यापाऱ्यांस चांगले ठाऊक होते. केवळ उतारा पाहून निवड होत राहिली तर धागा आखूड होत जातो आणि गावच्या कापसाचे नाव बाजारात खाली येते. दोन गुणांचे असे वैर वंशगत आहे की जमिनीमुळे दिसते, हेही याच रीतीने मोजता येते व ते मोजल्यावाचून एका गुणामागे धावू नये.

फरकाचा साठा अक्षयही नसतो. पूर्वीचे देशी कापूस म्हणजे अनेक वंशांची सरमिसळ होती. त्यातून एकेक उत्तम वंश वेगळा काढताच मोठी सुधारणा दिसली. परंतु एका वंशापासून वाढविलेल्या वाणात पुन्हा निवड करू गेल्यास योहान्सन यांच्या घेवड्यासारखी गत होते. मग संकर करून नवा वंशभेद निर्माण करावा लागतो. संकरासाठी एकमेकांहून खरोखर दूरचे वाण कोणते, हे ठरविण्यास प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेले अंतराचे माप वनस्पतिसंवर्धकांनी पुष्कळ वापरले. आता प्रयोगशाळेत डी.एन.ए. खुणांवरूनही हे अंतर कळते. तथापि खुणांमधील फरक शेतात कोणत्या गुणाच्या रूपाने उतरतो, हे सांगण्यास पुन्हा ओळींच्या चाचण्यांकडेच यावे लागते.

गावात काय करता येईल

प्रथम एक खुलासा. संकरित कापसाची सरकी घरी राखून निवड करू नये. १९७० साली सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी काढलेल्या संकर-४ या वाणापासून व्यापारी संकरित कापसाचे युग सुरू झाले. संकराच्या पहिल्या पिढीतील जोम दुसऱ्या पिढीत टिकत नाही, कारण वंशाचे घटक पुन्हा विभागले जातात. बीटी संकरात जनुक एकाच जनकाकडून आलेले असेल, तर राखलेल्या सरकीतील साधारण चारांत एक झाड त्या जनुकाविना उगवते. वंशभेद तेथे भरपूर दिसतो, परंतु तो स्थिर नसतो. पुढील रीत सरळ वाणांपुरती, देशी असो वा अमेरिकन, समजावी.

वीस गुंठ्यांचे शेत घ्यावे व दोरीने गुंठा-गुंठ्याचे, म्हणजे सुमारे १० मीटर बाय १० मीटरचे वीस चौकोन पाडावेत. बांधालगतच्या दोन-दोन ओळी सोडाव्यात. ज्या झाडाशेजारी नांगे आहेत ते झाड, कितीही मोठे असले तरी, धरू नये. फुलोऱ्याच्या भरात प्रत्येक चौकोनातून आठ-दहा निरोगी झाडे निवडून प्रत्येकाच्या दहा-बारा कळ्या वर सांगितल्याप्रमाणे बंद कराव्यात. वेचणीच्या वेळी त्यांतून त्याच चौकोनातील उत्तम अशी पाच राखावीत. झाडाची तुलना त्याच्या शेजाऱ्यांशीच करावयाची, शेताच्या दुसऱ्या टोकाच्या झाडाशी नव्हे. एवढ्याने सुपीक पट्ट्याचा पक्षपात बराच कमी होतो. १९६१ साली अमेरिकेत गार्डनर यांनी मक्याच्या निवडीत हीच युक्ती अवलंबिली होती.

शंभर संततींची चाचणी एका घरास झेपणारी नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने दोन-तीन शेतकऱ्यांस एकत्र आणून वीस संतती तरी घ्याव्यात. प्रत्येकीची एक ओळ वरच्या शेतात व एक खालच्या शेतात, जागा चिठ्ठ्यांनी ठरवून, लावावी. वेचणीनंतर दोन्ही शेतांतील उत्पन्नाच्या क्रमाने दोन याद्या कराव्यात. वरच्या शेतातील पहिल्या पाचांपैकी तीन-चार संतती खालच्या शेतातही वरच्या क्रमांकात असतील, तर फरक बियाण्याचा आहे असे धरून पुढे जाण्यास हरकत नाही. दोन याद्यांचा एकमेकींशी मेळच नसेल, तर तो फरक मातीचा. मग त्या वर्षी काही न निवडता सर्व संततींची सरकी सारखी मिसळून पेरावी. हाती आलेले नाव गमावल्यासारखे वाटेल, पण तसे नाव नव्हतेच.

धाग्याची लांबी पाहण्यासाठी यंत्राची वाट पाहू नये. प्रत्येक संततीच्या पाच बोंडांतील मधल्या सरकीचा धागा दोन्ही बाजूंस विंचरून, काळ्या पाटीवर धरून, पट्टीने मोजला तरी तुलनेपुरता अंदाज येतो. मोजणारा माणूस मात्र एकच असावा आणि कोणत्या संततीचे बोंड हाती आहे हे त्यास सांगू नये.

निवडलेल्या संततींची सरकी मधल्या वेचणीतील, स्वपरागित बोंडांची घ्यावी. प्रत्येक पिशवीच्या आत व बाहेर अशा दोन चिठ्ठ्या टाकाव्यात. बाहेरची चिठ्ठी उंदीर हमखास कुरतडतात. चिठ्ठीवर चौकोनाचा क्रमांक, झाडाचा क्रमांक व वर्ष एवढेच लिहावे. ‘उत्तम’, ‘फार चांगले’ असे शेरे पुढील हंगामाच्या याद्या तयार होईपर्यंत लिहू नयेत.